हायवे टच

ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. गणित शाळेतलं आहे, पण मुंबई-आग्रा महामार्गावर ज्याने हॉटेल काढलंय त्याचं पोटपाणी याच गणितावर चालतं. गाडीतल्या माणसाने पाटी वाचायची, बायकोला विचारायचं, बायकोने मागच्या सीटवरच्या सासूबाईंना विचारायचं, सासूबाईंनी "आत्ता तर चहा झाला" म्हणायचं, पोरांनी "भूक लागली" म्हणून गळा काढायचा आणि एवढ्या लोकशाहीतून थांबण्याचा ठराव मंजूर व्हायचा. या सगळ्याला दहा सेकंद धरले तरी गाडी २२० मीटर पुढे गेलेली असते. ठराव मंजूर होतो तेव्हा समोर हॉटेल नसतं, ट्रॅक्टरचं शोरूम असतं.

उलट, नाशिकच्या मेन रोडवरून पायी जाणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो. ओळखीचं कोणी भेटलं तर तासाला सव्वा मीटर. जुनी दुकानं या माणसासाठी बांधली होती. भांडी बाजारात किंवा सराफ बाजारात अजूनही काही शिल्लक आहेत. पुढे ओटा, लाकडी खांब, काढायच्या-घालायच्या फळ्या आणि आत गादीवर मालक. पाटी असलीच तर हातभर, आणि तीवर दुकानाच्या नावापेक्षा मालकाच्या वडिलांचं नाव ठळक. गिऱ्हाईक ओट्याशी आलं की मालक आधी त्याच्या चपला बघणार आणि मग भाव सांगणार.

महामार्गावरच्या दुकानाला ओटा नसतो, कारण ओट्यावर गाडी टेकत नाही. तिथे आधी पाटी ठरते, मग तिला टेकायला काहीतरी हवं म्हणून इमारत बांधतात. मालक चपला बघत नाही, गाडी बघतो. एमएच-१५ असेल तर गावातलाच आहे, घासाघीस करणार. एमएच-०१ ते ०४ असेल तर मुंबई-ठाण्याचा आहे, उपाशी आहे, बिलाकडे बघणार नाही. अशी ही सगळी बाजारपेठ मोटारीसाठी बांधलेली. माणूस मोटारीतून उतरतो, म्हणून त्याला चालवून घेतात.

आणि तक्रार करायला आम्हा नाशिककरांना तोंडही नाही. सातपूरच्या महिंद्रच्या कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली ती आमच्याच हातची. डिझेल इंजिनांचे भाग करणाऱ्या मायकोचं नाव बदलून बॉश झालं तरी आमचा चौक मायको सर्कलच राहिला. आधी आम्ही गाडी बनवली, मग गाडीने आम्हाला बनवलं.

या शहरात रस्ता आणि दुकान यांचा पाठशिवणीचा खेळ फार जुना आहे. एके काळी आग्र्याला जाणारा रस्ता गावातूनच जायचा. सीबीएस, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मग एकोणिसाव्या शतकातला व्हिक्टोरिया पूल आणि पलीकडे पंचवटी. आज त्यावरून आग्र्याला निघालेला माणूस सापडणार नाही, तरी 'जुना आग्रा रोड' हे नाव पाट्यांवर टिकून आहे. गावातली गर्दी नको म्हणून महामार्ग गावाबाहेर काढला. गावाबाहेर काढला म्हणजे काय, तर गावाला कुठे यायचं ते दाखवून दिलं. मुंबई नाका, द्वारका, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आडगाव नाका. जिथे जकातीचा दांडा आडवा व्हायचा किंवा आडरस्ता फुटायचा, तिथे आता चार-चार बेडरूमचे फ्लॅट आहेत. पाथर्डी फाट्यावर राहणाऱ्या माणसाचा पाथर्डी गावाशी संबंध तिथल्या फाट्यापुरताच.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि रस्ते रुंद होतात. २००३ ला झाले, २०१५ ला झाले, आता पुढच्या पर्वणीसाठी पुन्हा खोदून ठेवलेत. साधू स्नान करून महिन्या-दोन महिन्यांत निघून जातात, रस्ता राहतो. रस्ता रुंद झाला की दुकानाचा पुढचा भाग जातो आणि डांबराचे थर चढत गेले की उरलेल्या दुकानाच्या पायऱ्या जातात. चार पायऱ्या चढून जायचं दुकान कालांतराने दोन पायऱ्या उतरून जायचं होतं. मालक तेच, माल तोच. फक्त पावसाळ्यात आधी गिऱ्हाईक आत यायचं, आता पाणी येतं.

पण हे झालं शहरातलं. खरी गंमत 'हायवे टच' जमिनीची. आमच्या एका मामांची द्राक्षबाग पिंपळगावच्या अलीकडे अगदी महामार्गाला लागून आहे. लहानपणी त्यांच्याकडे गेलं की बाग थेट रस्त्यापर्यंत यायची. परवा गेलो तर पुढे बाग नाही.

"मामा, बाग काढली?"

"काढली नाही भाचेबुवा, मागं सरकवली. पुढचे चार गुंठे हायवे टच आहेत. तिथं द्राक्ष लावणं परवडत नाही."

"मग काय लावलं?"

"शेड."

शेड हे महामार्गावरचं सर्वांत भरवशाचं पीक आहे. तिला अवकाळी पाऊस लागत नाही, डावणी येत नाही, निर्यातबंदी होत नाही. लोखंडी खांब, वर पत्रा, खाली कोबा. मामांच्या शेडमध्ये आधी रसवंती होती, मग टायरचं दुकान आलं, मग 'फॅमिली गार्डन रेस्टॉरंट', आता तिथे सोफासेट मिळतात. खांब एकदाही हलले नाहीत. बदलली ती पुढची बाजू. मी गेलो तेव्हा फॅब्रिकेटर आलेला होता आणि नव्या भाडेकरूसाठी पुढून एसीपी शीट मारायची की काच लावायची यावर खल चालला होता. एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमची चकचकीत पातळ शीट. तिच्या मागे गोठा असला तरी पुढून बँक दिसते.

मी विचारलं, "आणि मागच्या बाजूला?"

फॅब्रिकेटर माझ्याकडे बघतच राहिला. "मागून कोण बघतंय, साहेब?"

या एका वाक्यात महामार्गाचं सगळं वास्तुशास्त्र आलं. हे समजावून सांगायला अमेरिकेत तीन वास्तुतज्ज्ञांना पुस्तक लिहावं लागलं. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर. ही मंडळी लास व्हेगासच्या जुगारी रस्त्यावर विद्यार्थ्यांना घेऊन हिंडली आणि १९७२ साली त्यांनी जाहीर केलं की रस्त्याकाठच्या इमारती दोन जातींच्या असतात. एक बदक, दुसरी सजवलेली शेड. बदक म्हणजे जी इमारत स्वतःच पाटी असते ती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एका बदकपालकाने १९३१ साली बदकं आणि अंडी विकायला खरोखरच बदकाच्या आकाराचं दुकान बांधलं. काँक्रीटचं, आत शिरून खरेदी करायचं. त्या बदकाचे डोळे म्हणून फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे मागचे दिवे बसवले आहेत. म्हणजे मोटारीला बोलवायचं ते मोटारीच्याच डोळ्यांनी. सजवलेली शेड म्हणजे साधी खोकेवजा इमारत आणि पुढे भलीमोठी पाटी. म्हणजे आमच्या मामांची.

नाशिककर बदक बांधत नाही. द्राक्षाच्या घडाच्या आकाराचं वाईनचं दुकान किंवा कांद्याच्या आकाराची अडत इथे सहज शोभली असती, पण बदक बांधायला धंद्यावर श्रद्धा लागते. उद्या अंड्यांचा धंदा बसला तर बदकात कोचिंग क्लास कसा चालवणार? आमच्याकडे जागा बांधणारा एक, भाड्याने घेणारा दुसरा, पोटभाडेकरू तिसरा. तिघांचाही एकमेकांवर अकरा महिन्यांपलीकडे विश्वास नाही. अकरा महिन्यांच्या कराराला शेडच बरी. मिठाईच्या दुकानाचं रात्रीत डेंटल क्लिनिक होतं आणि पहिल्याची गिऱ्हाइकं आपोआप दुसऱ्याला मिळतात.

श्रीमंतीची शेड बघायची असेल तर मोटारींची शोरूम बघा. मुंबई नाक्यापासून अंबड-विल्होळीपर्यंत ओळीने उभी आहेत. तीन मजली उंचीची काच, आत गारवा, चकाकणारी फरशी, कोपऱ्यात झाड. शहरातल्या कित्येक कुटुंबांना एवढा दिवाणखाना नाही. गाड्या आत गारव्यात बसलेल्या असतात आणि त्यांची राखण करणारा माणूस बाहेर उन्हात उभा असतो.

हॉटेलांची तऱ्हा मात्र निराळी. तिथे चकचकीतपणा चालत नाही, तिथे 'गावरान' लागतं. कारण शहरातून गाडी काढून निघालेल्या माणसाला गाव हवं असतं. खरं गाव नव्हे. खऱ्या गावात डास असतात आणि पार्किंग नसतं. म्हणून रस्त्याकाठी एक गाव बांधतात. झापाची छपरं, बांबूची मचाणं, शेणाने सारवल्यासारखा रंग दिलेली सिमेंटची भिंत, बैल नसलेली बैलगाडी, पाणी नसलेली विहीर आणि तिच्यावर कायमची वाकलेली फायबरची पाणी भरणारी बाई. शेजारच्या मळ्यात, ज्या शेतकऱ्याची ती जमीन आहे, त्याचं घर असतं. ते स्लॅबचं असतं, वर टाकी, खिडक्यांना स्लायडिंग. शेतकरी आयुष्यभर झापातून स्लॅबमध्ये जायला राबला आणि स्लॅबमधला माणूस झापाखाली बसायला रांग लावून उभा आहे. दोघांची मध्येच हॉटेलात गाठ पडते. एक कॅश काउंटरवर असतो, दुसरा वेटिंगमध्ये.

मिसळीचं तर या मोटारीने सगळं गोत्र बदललं. मिसळ हा गल्लीतला पदार्थ. बाकडं, स्टीलची ताटली, मागे उभं राहून तुमच्या उठण्याची वाट बघणारं पुढचं गिऱ्हाईक. त्याचा श्वास मानेवर जाणवला की रस्सा आणखी तिखट लागायचा. मग नाशिककराने गाडी घेतली आणि त्याला रविवारी सकाळी ती बाहेर काढायला निमित्त हवं झालं. गल्लीत गाडी शिरेना, तेव्हा मिसळच गल्लीतून उठून मळ्यात गेली. बारदान फाट्याजवळचं 'साधना' चुलीवरच्या मिसळीसाठी लोकांना ठाऊक झालं आणि मग गंगापूर, मखमलाबाद, गिरणारेकडच्या रस्त्यांवर चुली पेटल्या. आता मिसळीबरोबर झोका आहे, उंटाची फेरी आहे, फोटो काढायला जुनी सायकल आहे. पावाच्या जोड्या दोनच आहेत, पण जागा एकरभर लागते. कारण मिसळ खाणारे चौघे एका टेबलावर मावतात, त्यांच्या दोन गाड्या मावत नाहीत.

हाच हिशोब लग्नाला लागला आणि त्यातून लॉन्स उगवले. पूर्वी मंगल कार्यालय गावात असायचं. वऱ्हाड पायी यायचं आणि चपला हरवायच्या. आता संभाजीनगर रस्त्याला, नांदूर नाक्याच्या पुढे निघालात तर दोन्ही हातांना लॉन्सच लॉन्स. प्रवेशद्वार असं, की आत निदान एखादं संस्थान असावं. घुमट, छज्जे, दोन्ही बाजूंना सोंड वर केलेले फायबरचे हत्ती. त्या दारातून आत गेलं की हिरवळ, एक स्टेज आणि कडेला पत्र्याखाली जेवणाची पंगत. एवढा मोठा दरवाजा नवरदेवाच्या घोड्यासाठी आहे असं वाटेल. घोड्याला त्याच्या निम्माही पुरेल. तो दरवाजा समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी आहे, ज्याच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. आणि तो बुकिंग करायला येतो तेव्हा पहिला प्रश्न "माणसं किती बसतील?" हा नसतो. "गाड्या किती लागतील?" हा असतो. माणसं कुठेही बसतात. गाडी लागली नाही तर मात्र पाहुणा आहेराचं पाकीट खिशातच ठेवून परत जातो. दाट तिथीला या लॉन्सवर एवढी पाहुणेमंडळी येतात की रस्ताच लॉन होतो. गुरुजी वेळेवर मंगलाष्टकं म्हणतात आणि अर्धं वऱ्हाड खिडकीची काच खाली करून गाडीतूनच अक्षता टाकतं.

महामार्गावर पाटी, एसीपी, झाप आणि हत्ती एवढं सगळं करूनही गाडी थांबत नाही ती नाहीच. म्हणून शेवटी माणूस ठेवावा लागतो. फेटा बांधलेला, शिट्टी वाजवणारा, हातात लाल कापड. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून प्रत्येक गाडीला असा हात करतो की पुढे पूल पडलाय. शहरातला माणूस घाबरून ब्रेक लावतो आणि मग लाजेखातर दोन चहा सांगतो. लाखो रुपयांची दर्शनी भिंत जे करत नाही, ते एक शिट्टी करते.

खरं तर गाडी थांबते ती जेवणासाठी नाहीच. कोणतं हॉटेल चांगलं हे बायका ठरवतात आणि ते मेनूकार्ड बघून ठरवत नाहीत. गाडी उभी राहिली की घरातली अनुभवी बाई आधी एकटी आत जाते, मागच्या बाजूची पाहणी करून येते आणि निकाल देते. "इथे नको, पुढे बघू." मालक काउंटरवर विचार करत बसतो की आपल्या पनीरमध्ये काय कमी आहे. पनीरमध्ये काही कमी नसतं. त्याने सगळा पैसा पुढे घातला आणि जिथे त्याच्या धंद्याचं भवितव्य ठरतं ती जागा मागे, अंधाऱ्या बोळात, मोडक्या कडीच्या दाराआड ठेवली. मागून कोण बघतंय, हा सिद्धांत इथे पार कोसळतो.

प्रवाशाला मागचं-पुढचं सगळं नीट देणारा एक गृहस्थ नाशिकला होऊन गेला, पण त्याला एकोणीसशे वर्षं झाली. पाथर्डी फाट्याहून मुंबईकडे निघालं की डावीकडे पांडवलेणी दिसतात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपण काय काय केलं याची यादीच त्याने दगडात कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, विहिरी-तळी खोदली, बागा लावल्या, पाणपोया घातल्या आणि नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. आजच्या भाषेत, शाखा भडोच, मंदसौर, नाशिक आणि नालासोपारा, आणि पूल टोलमुक्त. जावयाने सासऱ्याच्या राज्यात खर्च करून जनतेच्या सोयी केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पण मला हेवा वाटतो तो त्याच्या पाटीच्या मजकुराचा. केवढा लांबलचक! दान कुठे दिलं, किती दिलं, कोणाला दिलं, सगळं. हे परवडलं, कारण वाचणारा बैलाच्या वेगाने यायचा आणि डोंगर चढून, दम खात वाचायचा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज पाटी लावायची तर तीनच शब्द मावतात. 'एसी. फॅमिली. पार्किंग.'

महामार्गाच्या या बांधकामशास्त्राला एकदा थेट सर्वोच्च न्यायालयाने हात घातला. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल आला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको आणि १ एप्रिल २०१७ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. हेतू स्वच्छ होता. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाटली नको. पण ५०० मीटर मोजायचे कसे, यावर या देशातल्या भूमितीला जो बहर आला तो आर्यभटानंतर आला नव्हता. केरळात एका बारने जागा न सोडता दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधला. गिऱ्हाइकाने वळणावळणाने चालत जायचं म्हणजे अंतर भरतं. आत शिरताना चक्रव्यूह भेदणं सोपं, बाहेर पडताना अभिमन्यू. काही ठिकाणी तर बार जागेवर राहिला आणि त्याच्यासमोरचा महामार्गच कागदोपत्री महामार्ग उरला नाही. आमच्याकडेही त्या दिवसांत पुढची दारं बंद होऊन मागची उघडल्याच्या कथा ऐकू यायच्या. पुढे त्याच वर्षी महापालिकांच्या हद्दीत हे बंधन नाही असा खुलासा झाला आणि पुढची दारं पुन्हा पुढे आली. रस्त्याने इमारतीचं तोंड ठरवायचं, ही जुनीच रीत. या खेपेला ते सहा महिन्यांत दोनदा फिरलं एवढंच.

त्याच्या आधी रस्त्याने आणखी एक डाव टाकला होता. तो सरळ वर निघून गेला. के. के. वाघ महाविद्यालयापासून पाथर्डी फाट्याच्या बाजूला सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला आणि ज्यांनी जन्माची पुंजी घालून तळमजल्याची दर्शनी भिंत सजवली होती, त्यांच्या डोक्यावरून मुंबई धुळ्याला जाऊ लागली. तळमजल्याला भाव होता, वरचे मजले स्वस्त होते. आता गिऱ्हाइकाची नजर तिसऱ्या मजल्यावर. मग पाट्या चढल्या. गच्चीवर लोखंडी सांगाडा, त्यावर हॉटेलचं नाव आणि खाली तोंड केलेला बाण. पुलावरून जाणाऱ्याला नाशिक दिसतं ते असं. काळ्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, वाळत घातलेले टॉवेल आणि पाताळाकडे बोट दाखवणारे बाण. गंमत अशी की पाटी वाचून भूक लागते तिथे पूल उतरत नाही. उतरतो तेव्हा माणूस आडगावजवळ असतो आणि त्याची भूक वेगळ्याच माणसाच्या पाटीला मिळते. तिसऱ्या मजल्यावरची पाटी बघून दुसऱ्याच्या तळमजल्यावर जेवायचं, हा परोपकार नाशिकच्या हॉटेलमालकांनी स्वखर्चाने चालवला आहे.

पुलाखालीही एक शहर झालं आहे, ते वेगळंच. सावली आहे, भाडं नाही. चहाची गाडी, रिक्षांची रांग, हेल्मेट टांगलेल्या दोऱ्या, खांबांवर रंगवलेली चित्रं. नकाशा नाही, एलिव्हेशन नाही, वास्तुविशारद नाही. आणि एवढ्या दोन मजली महामार्गात पायी चालणारा नाशिककर भेटतो तो इथेच.

टोलनाक्यांचाही एक बाजार होता. तो कोणी बांधला नव्हता, गाड्यांच्या रांगेने बांधला होता. घोटी, पिंपळगाव, चांदवड. रांग जेवढी लांब तेवढी उलाढाल मोठी. काकडी, पेरू, शेंगा, मोसमात द्राक्षं. इथे गाडी थांबवायला शिट्टी लागत नसे, सरकारच थांबवून देई. हिरवी शेडनेट, चार बांबू आणि एक क्रेट हीच इमारत. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि रांग आटली. सगळ्या देशाला वेळ वाचल्याचा आनंद झाला. टॅगमध्ये पैसे नसलेल्या गाड्यांपुरता मात्र हा बाजार अजून तग धरून आहे. एखादा गृहस्थ रिचार्ज होण्याची वाट बघत काकडी खातो, मागचे दहा हॉर्न वाजवतात आणि त्यातले दोघे शेंगा घेतात.

आणि आता समृद्धी. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि कसारा घाटाच्या खालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा निघाला. घाटात गाडी गरम व्हायची, इंजिन थंड होईपर्यंत माणूस भजी खायचा. भजीवाल्याचं भांडवल म्हणजे आपल्या रेडिएटरचा अशक्तपणा. नव्या गाड्या तापत नाहीत आणि नव्या रस्त्याला घाटच नाही. शिवाय या रस्त्याला दोन्ही अंगांनी कुंपण. कुठूनही चढायचं नाही, कुठेही उतरायचं नाही, कडेला काही मांडायचं नाही. सुरुवातीला तर लोक तासन् तास जात आणि पोटात टाकायला काही मिळत नसे. साहजिकच महाराष्ट्राने आपलं सर्वांत जुनं हायवे हॉटेल बाहेर काढलं. स्टीलचा डबा. पोळी, बटाट्याची भाजी, लोणचं. याला पाटी लागत नाही, पार्किंग लागत नाही आणि "आत्ता तर चहा झाला" म्हणणाऱ्या सासूबाईंनीच तो भरलेला असतो.

आमच्या मामांच्या एका व्याह्यांची जमीन घोटीकडे समृद्धीला लागून आहे. मामा आणि मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. व्याही कुंपणाशी उभे राहून पलीकडे सुसाट जाणाऱ्या गाड्या बघत होते.

"काय व्याहीबुवा, तुमची तर चांदी झाली. हायवे टच!" मामा म्हणाले.

"टच आहे, पण टच करू देत नाहीत," व्याही म्हणाले.

त्यांनी आधीच एक शेड टाकलेली होती. गावच्या रस्त्याला तोंड करून, पुढून निळी एसीपी, वर पाटी. पाठ समृद्धीकडे. त्या पाठीवर गंजका पत्रा, फुटका पाइप, प्लायवूडचं ठिगळ आणि पिशव्यांचा ढीग. नागपूरपासून येणारा प्रत्येक मंत्री, प्रत्येक उद्योगपती आणि प्रत्येक एनआरआय ती पाठ बघत मुंबईला जात होता. मामांनी खिशातून फोन काढला आणि आमच्या फॅब्रिकेटरला लावला.

"हां, मी बोलतोय. ऐक, घोटीला एक काम आहे... नाही नाही, पुढचं झालंय. आता लोक मागून बघायला लागलेत."